पिवडीची खोली

माधवीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिल्टन कीन्सला ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडी लावत होते. नवऱ्याने नुसतं "ताई..." म्हटलं. माधवीताई त्याची मोठी बहीण, माझी नणंद. लंडनमधल्या स्टॅनमोरला एकट्याच राहायच्या. शेजारणीने सकाळी बेल वाजवली, दार उघडेना... झोपेतच हृदय थांबलं होतं. आता दोनेक महिने होत आले, पण रविवारी सकाळी फोन वाजला की अजून मला त्यांचाच वाटतो.

ताई लंडनच्या एका प्रयोगशाळेत जुने रंग तपासायच्या. रोमन लोकांनी घराच्या भिंती रंगवल्या, त्या रंगांत काय काय घातलं होतं हे शोधून काढायचं. त्यांना कशाचीच घाई नसे. साडी घ्यायला गेल्या की ती दुकानाबाहेर नेऊन बघणार, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. "ट्यूबलाइटमध्ये रंग खोटं बोलतात गं," म्हणायच्या. तोवर दुकानदार रडकुंडीला आलेला असे आणि मी भुकेने कावलेली.

काही वर्षांपूर्वी एका लहानशा म्युझियमने त्यांना गिलाव्याचे तुकडे तपासायला दिले. गावात जमिनीखाली रोमन घर सापडलं होतं. तुकडे सगळे लाल, म्हणून म्युझियमने त्या घराची एक खोली हुबेहूब उभी केली होती, चारी भिंती लालभडक. रंगवल्या होत्या कॉलिन नावाच्या निवृत्त पोस्टमनने, हौसेने, पैसे न घेता. ताईंच्या हातातलं क्ष-किरणांचं यंत्र तुकड्यांत लोखंड आहे एवढंच सांगत होतं, आणि ते लाल-पिवळ्या दोन्ही मातींत असतं. पण एका तुकड्याची कड पिवळी होती आणि तिथून रंग हळूहळू लाल होत गेला होता. ताई ते लेझरखाली बघत बसल्या.

एकदा आमच्याकडे जेवताना म्हणाल्या, "मेधा, पिवडी माहितीये ना? भिंतीला लावायची पिवळी माती? ती भाजली की तिचा गेरू होतो. ते घर जळलंय. भिंती पिवळ्याच होत्या, आगीने लाल केल्या."

"मग सांगा की त्यांना!"

"एका तुकड्यावरून? आणखी बघते. शुअर झाले की सांगेन."

त्यात दोन हिवाळे गेले. तुकड्यांमागून तुकडे तपासून झाले, निष्कर्ष पक्का झाला, तरी ताईंचे पाय तिकडे वळेनात. शेवटी एकदा बोलल्या, "कंबर दुखत असताना शिडीवर चढून रंगवलीय गं त्याने ती खोली. कुठल्या तोंडाने सांगू?" रंगांच्या बाबतीत इतकी कठोर बाई माणसांच्या बाबतीत अशी मऊ पडायची.

गेल्या शरद ऋतूत मीच त्यांना गाडीत घालून घेऊन गेले. कॉलिनने चहा केला, बिस्किटं काढली. ताईंनी आडवळण न घेता सगळं सांगितलं. "मला आवडायचा हो तो लाल," एवढंच कॉलिन बोलला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "बरं. पिवळा तर पिवळा. पण कुठला पिवळा?" ताईंचा चेहरा असा खुलला! तिथल्या तिथे चुन्यात पिवडी कालवून त्यांनी दारामागे तळहाताएवढा पट्टा ओढला. "ओला रंग गडद दिसतो. वाळू दे. मी महिन्याभरात येते, दिवसाउजेडी बघते, मग शेड ठरवू." तो महिना पुरा झाला नाही.

परवा शनिवारी मी एकटीच तिथे गेले. खोली लालच होती. शेड कोणी ठरवायची म्हणून म्युझियममध्ये सगळेच एकमेकांकडे बोट दाखवतायत. ताईंचा पट्टा वाळून फिकट झाला होता आणि कॉलिनने त्याच्याभोवती टेप लावून ठेवली होती. "तू तिच्या घरची," तो म्हणाला. "तिला हा चालला असता का? की आणखी गडद हवा होता?" मी खाली बसून, उभं राहून, दार उघडून, सगळ्या बाजूंनी पाहिलं. मला काही म्हणजे काही कळलं नाही, आणि तसं सांगितलं. मनातून मात्र ताईंचा भयंकर राग आला. दोन हिवाळे कशाला थांबलात हो ताई? आधी बोलला असतात तर ही खोली पिवळी झालेली बघून गेला असतात...

तेवढ्यात बाबागाडी ढकलत एक बाई आत आली. "वा! काय सुंदर लाल आहे!" म्हणाली.

कॉलिन ताडकन वळला. "मूळ घर पिवळं होतं. लाल आगीने झालं. आमच्या एका मैत्रिणीने सिद्ध केलंय ते."

"हो? मग अजून लाल का ठेवलंय?" तिने सहज विचारलं.