खिडकी दिली ती दिली

घड्याळजींच्या घराला खिडक्या दोनच. मागचीतून शेजाऱ्याची भिंत दिसे. रस्त्यावरच्या खिडकीपाशी त्यांचं टेबल. डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू बसवायचे, म्हणजे दिवसाचा उजेड हवाच. त्या टेबलाला बायकोसुद्धा हात लावत नसे.

मग सासऱ्यांचं एक अंग लुळं पडलं. जन्मभर बस चालवलेला, आता एकटा पडलेला माणूस. त्यांना घरी आणलं तेव्हा घड्याळजी आपणहून म्हणाले, "बाबांना खिडकीत बसवू. रस्ता दिसला नाही तर जीव गुदमरेल त्यांचा."

टेबल जिन्याखाली गेलं, वर दिवा टांगला. ज्या ख्रिस्ताने आपल्यासाठी स्वतःला देऊन टाकलं, त्याचं नाव घ्यायचं आणि एक खिडकी जड व्हावी? असा त्यांचा साधा विचार.

देताना मन मोठं होतं, पण पुढे जीभ वळवळू लागली. जिन्याला डोकं आपटलं की, "असू दे, आमच्या डोक्याचं काय एवढं!" स्क्रू हरवला की, "खिडकीत असतो तर लगेच सापडला असता." उपासनेनंतर पाळकांना त्यांनी ही त्यागाची कथा ऐकवली. पाळकांनी पाठ थोपटली, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा ऐकवली.

एकदा जेवताना बायको म्हणाली, "अहो, खिडकी तुम्ही बाबांना दिलीत ना?"

"दिली की!"

"मग रोज जेवताना थोडी थोडी परत का घेता?"

ती रागावली नव्हती. हसली, आणि कमरेवर हात दाबत वडिलांची कूस बदलायला उठली. तेव्हा कुठे घड्याळजींच्या ध्यानात आलं: वडिलांना उचलणं, आंघोळ, कपडे, सगळं हीच करते. चर्चच्या गायनाच्या सरावालाही जात नाही. आणि याचा कुठे चकार शब्द नाही!

प्रार्थनेत ते नेहमी सहनशीलता मागत. त्या दिवशी म्हणाले, "प्रभू, माझ्या जिभेला आता किल्ली देऊ नकोस." आमेन म्हणता म्हणता बायकोला हसून ठसका लागला.

सकाळी बाह्या सरसावून ते सासऱ्यांना न्हाणीघरात घेऊन गेले. म्हातारा संकोचला. "जावईबापू, तुम्ही कशाला? लेकीला सवय आहे."

"मलाही होईल."

पहिला तांब्या जरा जोरातच पडला. "अहो ब्रेक! ब्रेक लावा!"

"बाबा, अजून पहिलाच गिअर आहे."

दोघेही खो खो हसले. पाय पुसताना मात्र सासरे हळूच म्हणाले, "मी तुम्हाला मुलगी द्यायला तयार नव्हतो. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. आता टाच वर करा."

त्या आठवड्यात त्यांनी बायकोला जवळजवळ ढकलूनच सरावाला धाडलं. "दोघांचं जमेल ना?" तिने दारातून तीनदा विचारलं.

ती गुणगुणत परतली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच भांडण ऐकू आलं. घड्याळजींनी सूप केलं होतं. त्यांनी मीठ घातलं, भांडं सासऱ्यांपुढे ठेवलं, आणि टेबलावर विसरलेला चमचा जिन्याखालून शोधून आणेपर्यंत सासऱ्यांनी चालत्या हाताने पुन्हा मीठ घातलं.

"विचारायचं तरी, बाबा!"

"हॉर्न द्यायचा होतात!"

तिने पिशवी ठेवली, चव घेतली आणि पाण्याचा तांब्या आणला. पाणी घालून घालून तिघांनी ते सूप संपवलं.