कलम काढायचं तर कारण लिहा

परिवहन कचेरीत करार लिहिणाऱ्या बाईंना पाठीमागे सगळे 'पाचर' म्हणत. सुरळीत चाललेल्या व्यवहारात ही बाई कुठेतरी पाचर मारणार, अशी त्यांची ख्याती. हे नाव ठेवणाऱ्या हिशेबनिसाला त्यांनी एकदा जिन्यातच गाठलं. "काय हो, लाकूड तरी बऱ्यापैकी आहे ना?" तेव्हापासून तो त्या दिसल्या की आल्या पावली वळे.

खासगी मालकाच्या बस, सरकारी मार्ग आणि तोटा भरून काढणारं अनुदान, यांची मोट बांधायची हे बाईंचं काम. चालू करार त्यांच्या आधीचा होता. त्यात मालकाला पैसे किलोमीटरवर मिळत, बस भरलेली असो की रिकामी. उशीर झाला की दंड. कागदावर सगळं चोख. रस्त्यावर बस थांब्यावरून सुसाट निघून जाई आणि हात दाखवणारी माणसं धूळ खात उभी राहत. "चालक माजलेत," हे मुख्य साहेबांचं ठरलेलं उत्तर.

त्या माजलेल्यांपैकी एक बाईंचा धाकटा भाऊ. जेवायला आला तेव्हा त्यांनी त्याला धरलंच.

"रुग्णालयाच्या थांब्यावर थांबत नाहीस म्हणे?"

"नाही थांबत. कुबड्या घेतलेली माणसं, चढायला वेळ लागतो. उशिराचा दंड मालक माझ्या पगारातून कापतो. ताई, तुमच्या कराराला किलोमीटर हवेत ना? मग मी किलोमीटरच नेतो."

"मोठा शहाणा!"

"करार तुमचा, शिव्या मला. एवढं कळायला शहाणपण लागत नाही."

बाईंनी त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. त्या घरात हार मानायची तेवढीच रीत होती.

नव्या करारात त्यांनी तीन गोष्टी घातल्या. थांबा चुकवला तर त्या फेरीचं अनुदान नाही. माणसं चढवताना उशीर झाला तर दंड नाही. आणि मालकाला झालेला कुठलाही दंड चालकाच्या पगारातून कापायचा नाही. मालकाने पहिल्या दोन कशाबशा गिळल्या. तिसरी घशात अडकली.

"चालक माझे, पगार माझा. तुम्ही कोण सांगणार?" तो बैठकीत कडाडला.

"अनुदान लोकांचं आहे. म्हणून सांगणार."

"मग चालवा गाड्या तुमच्या तुम्ही!"

"निविदा मागे घ्या की. दुसरे निविदावाले खाली वाट बघत बसलेत."

मालक दार आपटून बाहेर गेला. साहेबांनी आवाज खाली आणला. "मॅडम, एका कलमासाठी इतकं ताणू नका. बदल्यांचे दिवस आहेत. शिवाय तुमचा भाऊ चालक आहे म्हणे. लोक बोलतील."

"बोलू देत. कराराला जोडलेल्या टिपणीची पहिली ओळ वाचा. मीच लिहिलंय ते."

साहेबांनी वाचलं. बाईंनी पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्यासमोर ठेवलं. "कलम काढायचं तर काढा. का काढलं, ते शेजारी तुमच्या हातानं लिहा आणि सही करा. 'मालकाची इच्छा' एवढं लिहिलंत तरी चालेल."

साहेबांनी पेन उचललं नाही. फाईल उपप्रमुखांकडे गेली, तिथून कायदा सल्लागारांकडे, तिथून परत. प्रत्येकाचा शेरा एकच: 'चर्चा करावी.' कलम सगळ्यांनाच नको होतं. त्याच्या शेजारी आपलं अक्षर कोणालाच नको होतं. तोवर जुन्या कराराची मुदत संपत आली आणि नवा होता तसाच सहीला गेला. मालकाने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून सही केली.

पाठोपाठ बाईंची बदली झाली. थांब्यांच्या रंगरंगोटीच्या विभागात.

भावाचा फोन आला. "ताई, माझ्यामुळे झालं गं हे."

"तुझ्यामुळे? एवढा मोठा कधी झालास तू?"

नव्या खोलीत टर्पेंटाइनचा वास होता, खिडकी नव्हती. बाईंनी खुर्चीवरचे डबे खाली ठेवले, धूळ झटकली आणि बसल्या.

"रंगाचं कंत्राट कसं आहे?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"जुनंच आहे, मॅडम. डबे किती लागले, त्यावर पैसे."

"आणि थांबा रंगला की नाही, ते कोण बघतं?"

कारकून छताकडे बघू लागला.

"आणा ते इकडे," बाई म्हणाल्या.