वलीने उचललेला चेंडू

माझा साडू वली सोलकर बहारीनमधल्या सित्र्याच्या एका वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्त करतो. माणूस बडबड्या, हट्टी, जेवायला बसला की दुसऱ्याच्या ताटातली तुकडी उचलणारा. पण कामात चोख. वलीने बोल्ट आवळला म्हटलं, की त्याचा जपानी साहेब मोरिता पुन्हा पाना लावून बघत नसे. या एका गोष्टीचा वलीला भारी तोरा. "मोरिता-सान माझ्या जबानीवर चालतो," असं तो नईममधल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात भेटेल त्याला ऐकवायचा. आमचे कान किटले होते.

मोरिता निवृत्त होऊन जपानला परत निघाला. त्याआधीच्या शुक्रवारी अस्करजवळच्या मोकळ्या मैदानावर जपानी लोकांनी आपसात बेसबॉलची मॅच ठेवली, आणि मोरिताने वलीला बायकोमुलीसकट बोलावलं. गाडीत जागा होती म्हणून मीही घुसलो. मेहुणीने, म्हणजे मसूदाने, डबाभर खिम्याचे समोसे घेतले. त्यांची मुलगी मेहरीन रस्ताभर एकच घोकत होती, "अब्बा, प्लीज डोंट शाउट. डोंट डू एनीथिंग."

"मी काय करणार गो? क्रिकेटचाच भाऊ हाय तो," वली म्हणाला.

तिथे आमच्याशिवाय बाहेरचं कोणी नव्हतं. जपानी मंडळी बूट काढून चटयांवर बसली होती. आमच्याभोवती मोरिताच्या बाजूचे लोक; आपली बाजू खेळायला आली की ते सगळे एका तालात टाळ्या वाजवत, दुसरी बाजू आली की गप्प. आमचा वली नेमका त्या गप्प वेळी "यल्ला, मोरिता-सान!" म्हणून अरबीतलं 'चला' ओरडला. मसूदाने ओढणी पुढे ओढून घेतली. शेजारच्या बाईने हसत हसत इंग्रजीत आम्हाला नियम सांगितला: चुन्याच्या रेघेवर किंवा रेघेच्या आत पडला तो चेंडू खरा, त्यावर पळायचं. बाहेर पडला तो फुकट. वलीने मान डोलावली.

मॅच शेवटाला आली तेव्हा मोरिता फळी घेऊन उभा राहिला. साठीचा माणूस, बहारीनमधली ही त्याची शेवटची खेळी, आणि त्याचा एक चेंडू लांब गेला की मॅच त्याच्या बाजूची. त्याने टोलवला. चेंडू रेघेला धरून थेट आमच्या दिशेने आला. अडवायला झेपावलेला खेळाडू मातीत तोंडावर पडला आणि धुरळा उडाला.

आता आमचं दर शुक्रवारचं क्रिकेट म्हणजे गाड्यांच्या पार्किंगमधलं. तिथे ना दोरी ना कुंपण. बॉल आपल्याकडे आला की ज्याने त्याने तो अडवायचा आणि बोलरकडे फेकायचा. नाही फेकला तर शिव्या खायच्या. वलीच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. तो उठला, दोन ढांगांत पुढे झाला, चेंडू उचलला आणि झक्कपैकी फेकून दिला. वर आमच्याकडे वळून हसलासुद्धा.

सगळे खेळाडू जागच्या जागी थांबले. पंच एकच, तोही पार मागे उभा. धुरळ्यात त्याला काही दिसलं नव्हतं. तो धावत आला आणि अदबीने वलीला विचारू लागला, चेंडू आत होता की बाहेर? मी खाली वाकून चहा ओतत होतो, मला ठाऊक नव्हतं. वलीला होतं. पण आतला अडवला तर साहेबाच्या मॅचची माती आपण केली, बाहेरचा अडवला तर कोणाचं काहीच बिघडलं नाही, एवढं त्याच्या डोक्यात चमकून गेलं असणार.

"आउटसाइड," तो म्हणाला.

पंचाने मोरिताकडे पाहिलं. मोरिताने वलीकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. टोला फुकट गेला. म्हातारा पुन्हा उभा राहिला, पुढचा चेंडू हुकला आणि बाद झाला. त्याची बाजू हरली.

"अब्बा, इट वॉज इनसाइड," मेहरीन हळूच म्हणाली. ती वलीच्या मागेच होती.

"काय बोलते ती?" मसूदाने विचारलं.

"काय नाय," वली म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. मी जन्मभर या माणसाची थट्टा केली, पण त्या वेळी मला त्याच्या शेजारी बसायची लाज वाटली. मेहरीन आईबरोबर चटया झटकायला गेली. एकदाही तिने बापाकडे पाहिलं नाही.

मोरिता निरोप घ्यायला आमच्याकडे आला तेव्हा वलीच्याने राहवेना. "मोरिता-सान, बॉल इनसाइड," तो म्हणाला. "आय लाय. सॉरी."

"आय नो," मोरिता म्हणाला. चुना उडताना त्याने पाहिला होता.

"मग का नाय बोलले?" वली घाबरून मराठीतच बोलून गेला. मोरिताला शब्द कळले नसतील, सवाल मात्र कळला.

"युअर डॉटर," तो चटया झटकणाऱ्या मेहरीनकडे बघत म्हणाला. "शी वॉज स्टँडिंग देअर." आणि वलीपुढे कमरेत वाकला.

पोरीसमोर बाप खोटा पडू नये म्हणून तो आपली शेवटची मॅच हरला होता. त्यापेक्षा त्याने वलीच्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. पोरीने सगळं आधीच पाहिलंय, हे मोरिताला सांगायची वलीची छाती झाली नाही. तो नुसता "थँक्यू" म्हणाला.