मावशीने केलेली अटक

माझी मावशी तीस वर्षं कोर्टाच्या फाटकाशी टाइपरायटर मांडून बसायची. लोकांचे अर्ज बडवता बडवता निम्मा कायदा तिच्या बोटांत उतरला होता. तो स्वतःसाठी वापरायची वेळ मात्र एका रविवारी सकाळी, घराच्या गच्चीवर आली.

चादरी वाळत घालायला ती वर गेली, तर एक अनोळखी माणूस टाकीचा पितळी नळ पाना लावून काढत होता. तिला पाहून तो दचकला, नळ निसटून हातात आला आणि पाणी धो धो सुटलं.

"अरे, पाणी वाया चाललंय!" मावशी ओरडली. त्याने घाबरून भोकाला अंगठा लावला.

"आता हलू नकोस. मी तुला अटक केली आहे."

अंगठा काढावा तर पाणी, ठेवावा तर अटक. बिचारा ओल्या शर्टाने उभाच राहिला. मावशीने चिंधीचा बोळा आणून भोक बुजवलं, तेवढ्यात काका लाटणं घेऊन वर आले.

"हात लावायचा नाही!" मावशीने त्यांना अडवलं. "मालकाला माल राखायचा हक्क आहे, माणूस बडवायचा नाही."

"बाई बरोबर बोलतायत," चोर म्हणाला.

"तू गप्प बस. आता विनाकारण उशीर न करता तुला पोलिसांच्या ताब्यात द्यायचंय."

वरात निघाली. पुढे रुमालात नळ घेतलेली मावशी, मध्ये चोर, मागे काका. वाटेत चोराच्या चपलेचा अंगठा तुटला. मावशी चांभारापाशी थांबली, घड्याळात पाहिलं आणि म्हणाली, "हा उशीर विनाकारण नाही."

चौकीत हवालदार एका बोटाने तक्रार टाइप करू लागला. मावशीला ते बघवेना. तिने त्याला उठवलं, स्वतः खुर्चीत बसली आणि मोठ्याने म्हणत टाइप करू लागली.

"आरोपीजवळ दोन पाने होते..."

"एकच होता, बाई," चोर म्हणाला.

मावशीने खोडून दुरुस्ती केली. काम संपल्यावर तिने नळ उचलला, तर हवालदाराने हात आडवा घातला.

"तो इथेच राहील. मुद्देमाल आहे."

"अहो, माझा नळ आहे!"

"म्हणूनच. अर्ज करा."

मावशीने आयुष्यातला सर्वांत सुबक अर्ज टाइप केला. आठ महिन्यांनी कोर्टाने नळ परत दिला, पण अटीवर: निकाल लागेपर्यंत वस्तू आहे त्या स्थितीत जपावी आणि बोलावल्यावर हजर करावी.

"आता तरी बसवू या," काका म्हणाले.

"आणि झिजला म्हणजे? पुराव्यात फेरफार होईल."

नळ फडक्यात गुंडाळून साड्यांच्या कपाटात गेला. टाकीला मधल्या काळात लावलेला प्लास्टिकचा नळच राहिला. तो मात्र सतत गळतो.