उजव्या खांद्यावरचा पदर

माझ्या बायकोने भिंतीवर लावायचा स्वतःचा फोटो जिवंतपणीच काढून घेतला. तिला किडनीचं दुखणं होतं. डॉक्टरने मला बाजूला नेऊन जे सांगितलं ते तिला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. घरी आल्यावर तिने सरळ विचारलं आणि मी सरळ हो म्हणालो. मला गोड बोलायला येत नाही, तेव्हाही आलं नाही.

फोटोचं तिच्या डोक्यात बसलं त्याला कारण झालं. आम्ही मद्रासजवळ आवडीला राहतो. कारखान्याने मला अंबरनाथहून इकडे पाठवलं आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिलो. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई वारल्या. त्यांचा एकटीचा फोटो घरात नव्हता. मुलांनी कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून त्यांचं तोंड कापून मोठं केलं आणि हार घातला. खांद्यावर दुसऱ्या कोणाची तरी बोटं तशीच राहिली. भेटून परत येताना बायको म्हणाली, "अहो, माझ्या खांद्यावर कोणाचा हात नको हं."

"तुझे फोटो आहेत की."

"कुठे आहेत? पेन्शनच्या कागदावर तुमच्या शेजारी आहे तो. त्यात मी पकडून आणल्यासारखी दिसते."

तिच्या तोंडावर सकाळी सूज असायची, दुपारपर्यंत उतरायची. म्हणून आम्ही दुपारी गेलो, बाजाराच्या तोंडाशी एक स्टुडिओ होता तिथे. तिने आमसुली रंगाची साडी काढली होती. कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं होतं. जिना चढताना दोनदा थांबली, पण माझा हात धरला नाही, साडी चुरगळेल म्हणाली.

फोटोवाला तिशीतला तमिळ माणूस होता. आम्हाला तमिळ येतं ते बाजारापुरतं, पण भांडता येईल एवढं तिला नक्की येत होतं. कॅमेरा स्टँडवर लावलेला, आणि त्यातून एक काळी वायर निघून फरशीवरून टेबलावरच्या संगणकाला गेलेली. मी आत पाय टाकला तसा तो ओरडला, "अय्या, वायर, वायर." अय्या म्हणजे त्यांच्यातलं साहेब. मी म्हणालो, बाबा रे, जन्मभर वायरी ओलांडल्यात मी. मग त्याने समजावलं. तो साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती काढायचा. दुकानवाल्यांना फोटो तिथल्या तिथे बघायचा असतो, रंग जरा इकडचा तिकडे झाला की परत काढायला लावतात. म्हणून ही वायर. इकडे बटण दाबलं की तिकडे पडद्यावर फोटो.

आमच्या वेळी फोटो म्हणजे पोचपावती घेऊन घरी जायचं, चार दिवसांनी जे तोंड मिळेल ते आपलं. इथे संगणक तिच्याकडे तोंड करून ठेवलेला. ती स्टुलावर बसली. कट्ट आवाज झाला, आणि जरा वेळाने ती पडद्यावर वरून खाली उतरत आली, आधी भांग, मग कुंकू, मग डोळे, मग हनुवटी.

तिने बघितलं आणि म्हणाली, "ही मी नाही."

तो हसला. "अम्मा, कॅमेरा खोटं बोलत नाही."

"मग तुझा कॅमेरा दुसऱ्या कोणाकडे बघत असेल."

त्याने परत काढला. परत काढला. दिवा हलवला, मान वळवायला लावली. तिला एकही पटेना. एका फोटोत कानाजवळची बट सुटलेली दिसली, तर ती नीट करायला गेली आणि दुसऱ्याच बाजूचे चांगले बसलेले केस विस्कटून ठेवले. पदराचंही तेच. पडद्याकडे आरशासारखी बघत होती ना. मी सांगायला गेलो, "अगं, त्या बाजूला नाही, या बाजूला," तर माझ्यावरच वैतागली. "माझी चमकी या बाजूला कुठे असते? आणि तोंड असं वाकडं कधी झालं माझं?"

तिचे हात कुठे जातात ते बघून फोटोवाल्याच्या तेव्हा ध्यानात आलं. "अम्मा रोज आरशात बघणार," असं काहीतरी पुटपुटला, टेबलाशी गेला आणि माउसने कुठेतरी टिचकी मारली. फोटो उलटा झाला. म्हणजे डोकं खाली नाही, डावं ते उजवीकडे आणि उजवं ते डावीकडे.

ती पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हां. आता मी."

मी बघितलं तर पडद्यावर तिची कोणी बहीण बसलेली. हसताना ओठाची एक बाजू वर जायची ती पलीकडे गेली. गालावरचा तीळ पलीकडे गेला. मी बोलून गेलो, "ही कोण बाई?"

"तुमची बायको. ओळख करून घ्या."

"मी चेष्टा करत नाही. हा तुझा चेहरा नाही."

"माझा चेहरा मला माहीत की तुम्हाला? रोज सकाळी मी हिलाच कुंकू लावते."

"तू बघतेस सकाळी एकदा. मी दिवसभर बघतो."

"दिवसभर तुम्ही कारखान्यात होता."

वर आणखी ती म्हणाली, "हाच लावायचा. मी गेल्यावर कोणी कितीही सांगितलं तरी बदलायचा नाही. समजलं?" मी मान डोलावली. फोटोवाल्याला मराठी कळत नव्हतं, त्याने विचारलं अम्मा काय म्हणतात. मी त्याला तमिळमध्ये सांगितलं, कशासाठी हा फोटो ते. त्याने माउसवरचा हात काढून घेतला. मग उगाच म्हणाला, अजून एक चांगला काढतो. ती म्हणाली, नको, मला मी मिळाली.

पुढच्या पोंगलच्या आधी ती गेली.

तिने सांगितलं तोच फोटो मोठा करून लावला. तेराव्याला माझ्या मेहुण्याची बायको फोटोसमोर उभी राहिली आणि बघतच राहिली. "दाजी, वन्सं गुजराती पदर कधीपासून घ्यायला लागल्या?" खरंच, फोटोत पदर उजव्या खांद्यावर. दुसरी कोणी म्हणाली, चमकी पण बघा, इकडच्या बायकांसारखी उजव्या नाकपुडीत. इतकी वर्षं मद्रासला राहून त्यांच्यातलीच झाली बाई. त्या हसल्या नाहीत, घरात हसण्यासारखं काही नव्हतं, पण सगळ्यांनी एकमताने सांगितलं की फोटो चुकलाय, सुलटा करून घ्या. गेलेल्या माणसाचा असा उलटा फोटो बरा नव्हे.

लोकांचं मी मनावर घेतलं नसतं. पण मलाच तो फोटो बघवत नव्हता. सकाळी दिवा लावून वर बघायचो आणि परकी बाई दिसायची. ताटावर समोर बसायची ती ही नव्हे. आजारपणात उशीवर माझ्याकडे तोंड करून पडायची ती ही नव्हे. माणूस तर गेलं होतंच, आता फोटोतही नाही असं व्हायला लागलं. मी तिचं बोलणं पाळत होतो आणि रोज तिला शोधत होतो.

मुलगी माझ्याजवळच राहते. ती इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या भागांच्या कारखान्यात कामाला होती, पहाटे कंपनीच्या बसने जायची. ती इथेच वाढली, तिचं मराठी अर्धं तमिळ. एकदा मला नुसता फोटोकडे बघत उभा बघून म्हणाली, "अप्पा, एक मिनिटाचं काम आहे ते. स्टुडिओत जाऊन सुलटा करून आणा. आई काय रागावायला येणार आहे?"

मी गेलो. फोटोवाल्याने मला ओळखलं, खुर्ची दिली. अम्मांचे सगळे फोटो अजून आहेत म्हणाला. त्या दिवशी दुसरं काम होतं वाटतं, स्टुलावर एक साडी अंथरून ठेवलेली, वायर तशीच फरशीवरून आलेली. त्याने शोधून तोच फोटो काढला आणि सुलटा केला.

ती होती. तीळ जिथे असायचा तिथे. ओठ माझ्या ओळखीच्या बाजूने वर गेलेला, जसं आता काही टोचून बोलेल. डोळ्यांखालची सूज त्या दिवशी मला दिसली नव्हती, आता दिसली. साडीवाल्या दुकानाचा माणूस आला, त्याला फोटोवाल्याने हाताने थांबवलं.

मग त्याने हळू आवाजात विचारलं, "अय्या, किती मोठा छापू?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला ती स्टुलावर वाकलेली आठवली, पडद्याकडे बघून समाधान पावलेली. त्या शेवटच्या वर्षात तिच्या मनासारख्या फार थोड्या गोष्टी झाल्या. सुया डॉक्टर म्हणेल तिथे टोचून घेतल्या, पाणी मोजून प्यायली, मीठ सोडलं. एक हा फोटो तिने तिच्या मनाने घेतला, तोही माझ्याशी भांडून. मला बघवत नाही म्हणून तो खाली उतरवायचा, तर मग मी हो म्हणालो होतो ते कशाला?

मी म्हणालो, "नको. छापू नका."

"बंद करू?"

"जरा थांबा." मग थोड्या वेळाने मीच म्हणालो, "करा बंद."

घरी आलो तर मुलगी दारात. "आणला?"

"नाही."

"का? त्याच्याकडे नव्हता?"

"होता. आईने हा निवडलाय, हाच राहील. मामीला सांग, पदर कुठल्याही खांद्यावर असू दे."

"पण अप्पा, तुम्हालाच आवडत नाही तो."

"नाहीच आवडत. भिंतीवर माझा फोटो नाही, तिचा आहे."

मुलीने गजरेवालीकडून आणलेली मल्लीची, म्हणजे मोगऱ्याची, माळ माझ्या हातात दिली, मी स्टुलावर चढून फोटोला घातली. उतरताना तिने मला धरलं आणि विचारलं, "मग तुमचा काढायचा का एकदा जाऊन? तुमच्या पसंतीने?"

मी म्हणालो, "माझा तू निवड. मी आरशात बघतो ते दाढीपुरतं."