पदरचं एक वाक्य

"पडद्यार आसा तां सांगतंय. माझ्या पदरचा काय नाय."

एवढं बोलून मास्तर धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत आणि मग कर्णा तोंडाला लावत. त्या काळी मालवणात ज्यांनी तंबूतले सिनेमे पाहिले, त्यांना तो आवाज आठवत असेल. इंग्रजी चित्रपट लागला की तंबूचा मालक आमच्या शेजारच्या या निवृत्त मास्तरांना नेई. पडद्याशेजारी खुर्ची टाकून ते गोष्ट मालवणीत सांगत. नायक मरायला टेकला की बायका ओरडत, "मास्तरांनु, वाचवा हो तेका!"

"माझ्या हातात आसता तर!" मास्तर म्हणत, आणि नायकाला मरू देत.

त्यांचा एकुलता मुलगा परदेशी बोटीवर कामाला गेला होता. दोन वर्षं त्याची खबर नव्हती. बोट बुडाली, असं कोणी कोणी सांगे. मास्तरांच्या बायकोने, आमच्या काकींनी, मात्र त्याच्यासाठी घातलेली फणसाच्या गराची वाळवलेली साटं बरणीत जपून ठेवली होती. बरणीला कोणी हात लावायचा नाही. "तो इल्यार उघडूया," त्या म्हणत. मास्तर मान खाली घालत.

एका वर्षी तो चित्रपट आला. दूरच्या ग्रहावर वस्ती करायला गेलेली माणसं पृथ्वीवरून यान येईल म्हणून वाट पाहतात आणि एकेक करून मरतात. शेवटी एकटी बाई उरते. ती आभाळाकडे पाहते आणि पडदा काळा होतो. "यान येवक नाय," मास्तरांनी सांगून टाकलं.

मुंबईच्या वर्तमानपत्राने या चित्रपटावर आधीच झोड उठवली होती. इतका काळोख माणसांनी पैसे देऊन का पाहावा, असा समीक्षकाचा सवाल होता. वाचनालयात मी ते परीक्षण मास्तरांना वाचून दाखवलं. बाजारातली टीका आणखी कडक होती. आमची मासेवाली म्हणाली, "पाणी नाय, मासो नाय, थंय मराक गेले कित्याक?"

"सिनेमा खरो आसा," मास्तर एवढंच म्हणाले. "म्हणान कोणाक आवडणा नाय."

दुसऱ्या दिवशी काकी आल्या. त्या कधी तंबूत येत नसत. बायकांत पुढेच बसल्या. मास्तरांनी त्यांना पाहिलं आणि त्या दिवशी नेहमीचं वाक्य म्हटलंच नाही.

शेवट आला. त्या बाईने आभाळाकडे मान वर केली. मास्तरांनी कर्णा खाली ठेवून चष्मा पुसला.

"तिका यान दिसला," मास्तर म्हणाले. "यान इला. तिका घराकडे घेवन गेला."

पडदा काळा झाला. तंबूत निम्मी माणसं काल आलेली होती. मग मागून मासेवालीचा आवाज आला, "होय तर! काल मिया बघलंय मा, इला तां!"

त्यानंतर मास्तरांनी कर्णा हातात घेतला नाही. मालक बोलवायला येई, ते हात जोडत.

ते गेले, त्यांचे दिवस झाले, आणि मी काकींकडे बसायला गेलो. त्यांनी फळीवरची बरणी काढली, झाकण उघडलं आणि काळं पडलेलं एक साट माझ्या हातावर ठेवलं.

"खा रे," त्या म्हणाल्या. "पडदो माकाय दिसत होतो. तेंका बरा वाटाचा, म्हणान बरणी ठेवलंय."