निळी की करडी

तिला सगळे पावइंच बाई म्हणायचे. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं आणि ‘अगदी फिट्ट शिवा’ म्हणून कितीही बजावून गेलं, तरी बाई मापात पाव इंच स्वतःच्या मनाने वाढवायची. “जेवल्यावर ते पोट कुठे जाणार? माझ्याकडेच येणार उसवायला,” असं तोंडावर सांगायची. दुकान घराला लागूनच. कापायचं टेबल, पायाने चालवायच्या दोन मशिनी, इस्त्री आणि भिंतीला माणूसभर उंचीचा आरसा. दुसऱ्या मशिनीवर वन्सं बसायच्या, म्हणजे बाईच्या नवऱ्याची थोरली बहीण. काजं करणं, बटणं लावणं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याची खबर ठेवणं ही तिन्ही खाती त्यांच्याकडे.

बाईचे कान एकदम गेले नाहीत. विहिरीचं पाणी उतरतं तसे उतरत गेले. कानामागे लावायचं साधं यंत्र घेऊन झालं. ते आवाज मोठा करायचं, पण शब्द काही उलगडून द्यायचं नाही. “कोण ओरडतंय ते कळतं, काय ओरडतंय ते नाही,” बाई म्हणायची.

गिऱ्हाइकांना मात्र याचा पत्ता नव्हता. शिवणकामात अर्धी मापं पाठीमागून घ्यायची असतात. खांदा, पाठ, कॉलर. माणूस पाठमोरा उभा राहतो आणि नेमका तेव्हाच त्याला बोलायचं सुचतं. बाईने आरसा असा बसवून घेतला होता की मागे उभं राहूनही पुढचं तोंड दिसावं. ओठ वाचायला ती कुणाकडे शिकायला गेली नव्हती. अडलं आणि आलं. त्यात खोट एवढीच की टेप वाचायला मान खाली घातली, की ओठ दिसायचे बंद.

ती खोट एकदा नडलीच. शाळेतला एक शिपाई कोटाचं कापड घेऊन आला. बाई वाकून कंबर मोजत होती तेव्हा तो म्हणाला, “बाह्या लांब ठेवा, भाऊ पण घालेल.” बाईने सवयीने मान डोलावली आणि बाह्या त्याच्याच हाताच्या मापाने कापून मोकळी झाली. वन्संनी उरल्या तुकड्यांचे रुंद कफ जोडून वेळ मारून नेली, वर ‘नवीन फॅशन आहे’ म्हणून शिपायाला पटवलंसुद्धा. पण बाईची झोप उडाली.

“वन्सं, कात्री माझ्या हातात आणि कान भलत्याच्या घरी. अशीच कापत राहिले तर दुकानाला कुलूप लागेल.”

“मग दाखव की कानाच्या डॉक्टरला. तुझ्याशी ओरडून बोलून माझा गळा बसलाय.”

कानाचे डॉक्टर समोर बसून सावकाश बोलणारे होते. त्यांनी तपासून सांगितलं की आता साध्या यंत्राचं काम नाही, कॉक्लिअर इम्प्लांट बसवावं लागेल. कागदावर चित्र काढून दाखवलं. आतला कान गोगलगाईच्या कवचासारखा वळलेला असतो, त्यात एक बारीक तार सरकवायची. कानामागे कातडीखाली एक चकती. बाहेर एक यंत्र, चुंबकाने त्या चकतीवर चिकटणारं. बाहेरचं आवाज पकडतं, आतलं तो मेंदूकडे धाडतं.

मग त्यांनी टेबलावर दोन डबे ठेवले. एक निळा, एक करडा.

“दोन कंपन्या आहेत. दोन्ही चांगल्या. कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा.”

“मी ठरवू? डॉक्टर तुम्ही की मी?”

“तुमच्या दुकानात येऊन कुणी विचारलं, कापड कुठलं घेऊ, तर काय सांगता?”

“हात लावून बघ म्हणते.”

“मग लावा हात.” आणि हसू आवरून ते पुढे म्हणाले, “एक लक्षात ठेवा. आतला भाग एकदा बसला की जन्माचा. निळ्या कंपनीचं बाहेरचं यंत्र करड्याच्या चकतीवर चालत नाही. मन बदललं तर पुन्हा डोकं उघडावं लागेल. आणि ज्या कानात बसवू, त्याची उरलीसुरली ऐकायची ताकदही जाऊ शकते.”

बाईने निळ्या डब्यातला नमुना उचलला. कोटाच्या बटणाएवढा गोल तुकडा, ना वायर ना आकडा. मनगटावर टाचण्यांची उशी तशीच बांधलेली होती. दुकानातून उठून येताना ती काढायची राहिली होती. नमुना जवळ नेला मात्र, चार-पाच टाचण्या उशीतून उडाल्या आणि त्याला साळिंदराच्या काट्यांसारख्या चिकटल्या. नर्सने तोंडावर हात घेतला. बाईने टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि करडा नमुना उचलला. तो जरा जुन्या घडणीचा, कानावर आकडा आणि वायरीच्या टोकाला चकती. त्यालाही टाचण्या चिकटल्या.

“चुंबकात दोघी सारख्याच,” बाईने निकाल दिला. “आता बाकीचं.”

घरी सल्ल्यांचा पाऊस पडला. नवरा बस डेपोत मेकॅनिक. तो म्हणाला, “नवीन मॉडेल घ्यावं. जुन्याचे पार्ट मिळत नाहीत.” वन्सं म्हणाल्या, “निळं घे, केसांखाली झाकेल तरी. करडं म्हणजे कानावर पाल बसल्यासारखं दिसतं.” शेजारपाजाऱ्यांनी यंत्र न बघताच मतं दिली. बाईने सगळ्यांचं ऐकलं, म्हणजे बघितलं, आणि शेवटी म्हणाली, “ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांनाच गाठते.”

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. औषधपाणी काही नव्हतं, नुसती लोकांची डोकी न्याहाळत बसली. कानामागे यंत्र दिसलं की उठायची आणि सांगायची, “माझ्याकडे या, एक शर्ट फुकट शिवून देते.” माणसं आधी दचकायची. पण फुकट शर्टाला नाही कोण म्हणतो? तिघं तयार झाले. एक कॉलेजची पोरगी, डोक्यावर निळ्या कंपनीचं नवंकोरं बटण. एक पोस्टातून निवृत्त झालेले कारकून आणि एक बेकरीवाला. त्या दोघांचं करडं. बेकरीवाल्याचं सगळ्यांत जुनं, वायरीला चिकटपट्टी लावलेलं.

तिघं एकाच दुपारी आले. बाईने बेत पक्का केला होता. एकेकाला पाठमोरं उभं करायचं, टेप खांद्याला लावायची आणि मागून प्रश्न विचारायचे. वन्संनी मशीन चालूच ठेवायची, कारण शांत खोलीत कुणालाही ऐकू येईल.

“खिसे किती?” पोरीने उत्तर दिलं. “बटणं पांढरी की काळी?” तेही बरोबर. कारकुनांनी तर एकही प्रश्न सोडला नाही. बेकरीवालाही तसाच. बाई खुशीत आली. तिघंही पैकीच्या पैकी! मग तिचं लक्ष कारकुनांच्या डोळ्यांकडे गेलं. ते आरशात तिच्या तोंडाकडे बघत होते. ती नजर बाईच्या ओळखीची होती, रोज तिचीच असायची.

“वन्सं, चादर आणा.”

आरशावर चादर पडली. आता पंचाईत अशी झाली की गिऱ्हाइकाला बाई दिसेना आणि बाईला गिऱ्हाइकाचं तोंड. उत्तर आलं तरी ते बाईला कसं कळायचं? तेव्हा वन्संना पंच नेमलं. बरोबर उत्तराला अंगठा, चुकीच्याला मूठ.

“आणि नुसतं ‘अं?’ केलं तर?” वन्संनी विचारलं.

“तर मूठ.”

“तुझ्या नवऱ्याला उभं केलं असतं तर माझी मूठ उघडलीच नसती, कान शाबूत असून.”

पुन्हा सगळं पहिल्यापासून. पोरीला अंगठा, मूठ, अंगठा, मूठ. अर्धं-अर्धं. मध्येच माप द्यायला वाकली तर बटण सुटून कापडाच्या ढिगात पडलं आणि सगळे शोधत बसले. कारकून प्रत्येक प्रश्नाला गर्रकन मागे वळायचे. वन्संची मूठ उघडेचना. शेवटी कारकूनच ओशाळले आणि म्हणाले, “राहू द्या बाई, शर्ट साधाच करा.”

बेकरीवाला मात्र खांब रोवल्यासारखा उभा राहिला. वन्संनी मशीन जोरात हाणली, रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला, तरी अंगठ्यावर अंगठा. बाईने आवाज उतरवून विचारलं, “पाव किती वाजता भाजता?” तर पठ्ठ्या म्हणाला, “पहाटे. आणि हे शर्टाच्या मापात कुठे बसतं?” वन्संनी दोन्ही अंगठे वर केले.

“झालं!” वन्सं म्हणाल्या. “करडी.”

“कसली करडी?” बाई टेप गळ्यात टाकून खाली बसली. “सगळ्यांत वरचा करडीचा आणि सगळ्यांत खालचाही करडीचाच. निळी मधे लोंबकळतेय. यात कंपनी कुठे आली?”

वन्संनी चहा टाकला. बाईने तिघांना आपल्यासमोर अर्धगोलात बसवलं, ओठ दिसावेत म्हणून, आणि मूळ प्रश्नाला हात घातला.

“घरी काय करता याचं?”

कारकून म्हणाले, “घरी काढून ठेवतो. एकटाच राहतो मी. भिंतींचं ऐकायला कशाला लावू?”

बेकरीवाल्याने कानामागची वायर सरळ केली. “सुरुवातीला पत्र्याच्या डब्यात बेडूक कोंडल्यासारखं ऐकू यायचं, बाई. फेकून देणार होतो. पण कणीक मळताना बायको रोज पाठीमागे उभी राहायची. पीठ, मीठ, परात, भट्टी, एकेक शब्द. मी चुकलो की पाठीत बुक्की. वर्ष गेलं असं. बेडकांची हळूहळू माणसं झाली.”

“आणि खोड काय याची? चांगलं नका सांगू, वैताग सांगा.”

“पीठ जातं, घाम जातो. वायर तुटते. पण दुरुस्तीचं दुकान इथेच, चौकाच्या पलीकडे. सकाळी देतो, संध्याकाळी लावतो.”

पोरीने तिचा वैताग सांगितला. खेळताना, वाकताना बटण पडतं. बिघडलं की कुरिअरने परगावी जातं, आणि तोवर वर्गात नुसतं बसायचं. “पण गाणी मस्त वाजतात,” ती घाईघाईने म्हणाली. “म्हणजे मला तरी मस्त वाटतात.”

बाईने एकच गोष्ट डॉक्टरांना जाऊन विचारली. “आम्ही शिलाईत माया ठेवतो. जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायचं, उद्या अंग सुटलं तर उसवून वाढवता येतं. या चकतीत तशी माया आहे का? पुढे बाहेरचं यंत्र नवं निघालं तर जुन्या चकतीवर बसेल?”

डॉक्टर म्हणाले, “दोन्ही कंपन्या हो म्हणतात. करड्या कंपनीचं मी डोळ्यांनी पाहिलंय. बेकरीवाल्याच्या आतली चकती पहिलीच आहे, बाहेरचं एकदा बदललं. निळी इथे नवी आहे. तिचंही होईल, पण अजून कुणाचं व्हायची वेळ आलेली नाही.”

“मग करडी. दिवसभर वाकून काम करते मी, आकडा कानावर बसून राहील. आणि दुरुस्तीचं दुकान चालत जाण्याजोगं आहे.”

“मीसुद्धा यापेक्षा जास्त काही सांगू शकलो नसतो,” डॉक्टर म्हणाले.

खरा सौदा मात्र घरी व्हायचा होता. रात्रीची भांडी घासता घासता बाईने विषय काढला. “वन्सं, रोज माझ्या पाठीमागे बसून बोलावं लागेल. वर्षभर. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी ऑपरेशनच करत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवायला मला यंत्र नको.”

वन्संनी ताट विसळून पालथं घातलं, तिच्याकडे वळल्या आणि ओठ नीट दिसतील अशा बेताने म्हणाल्या, “तुझ्या पाठीमागे बोलायची मला लग्नापासून सवय आहे. आता तुला ऐकू येईल एवढंच.”

ऑपरेशन झालं. टाके सुकले, यंत्र चालू केलं, आणि बाईला बेडूक काही भेटले नाहीत. तिला सगळं कोरड्या पानांवरून कुणी चालल्यासारखं ऐकू येत होतं. डॉक्टर बोलले तरी पानं, नवरा खोकला तरी पानं. वन्संनी दुसऱ्या दिवशीपासून मागे स्टूल टाकलं. कात्री, काज, बटण, बॉबिन. बाई चुकली की वन्सं बुक्कीऐवजी शिवी द्यायच्या. आणि बाईला पहिल्यांदा अचूक ऐकू आल्या त्या शिव्याच, कारण त्या रोजच्या होत्या. शब्दांवरून वाक्यं आली, वाक्यांवरून गल्लीतल्या भानगडी. भानगडींपाशी पोचल्यावर बाईची प्रगती झपाट्याने झाली.

एक दिवस एक ड्रायव्हर पँटचं माप द्यायला आला. बाई गुडघ्यांवर बसून, दातांत टाचण्या धरून, पायाची लांबी मोजत होती. तो वरून कुठेतरी बघत म्हणाला, “मागचा खिसा नको, पाकीट मारतात.”

“मग पुढे आतून चोरखिसा लावते,” बाई टाचण्यांमधून म्हणाली.

वन्संचा पाय मशिनीवर थांबला. ड्रायव्हरला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, “लावा,” आणि निघून गेला.

पुढे ती कॉलेजची पोरगी पुन्हा आली, या वेळी मजुरी देऊन झगा शिवायला. बाईने तिला बसवलं आणि टेबलावर कापड कापून दाखवलं. “तुला कात्री कशी ऐकू येते?”

पोरगी कान देऊन म्हणाली, “झिपर ओढल्यासारखी. तुम्हाला?”

“गाय गवत खाते तशी. आणि नळ?”

“टाळ्या वाजतात.”

“मला नळ म्हणजे तळण.” बाई तिच्या डोक्यावरच्या निळ्या बटणाकडे बघत राहिली. पोरगी गेल्यावरही बाईच्या डोक्यातून ते जाईना. पोरीच्या कानात आणि आपल्या कानात फरक कंपनीचा, की वयाचा, की नुसता डोक्याडोक्याचा? कळायला मार्ग काय?

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी निकाल बघून पाठ थोपटली आणि विचारलं, “काही तक्रार?”

“तक्रार नाही. दुसरा कान रिकामा आहे माझा. त्यात निळी बसवली तर?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “असं सहसा करत नाहीत, बाई. दोन कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळवून घेत नाहीत. गोंधळ होईल डोक्यात.”

“सहसा करत नाहीत,” बाई म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली. “म्हणजे कुणीतरी केलंय. कुठे राहतं ते माणूस?”